टेक्केन सुरू होईना, अन् फाईल आहे माळ्यावर

नमस्कार ताई,

माझा दादा १९९९ साली मस्कतहून सुट्टीला आला तेव्हा प्लेस्टेशन घेऊन आला होता. पुढची दोन-तीन वर्षं आमच्या घरी संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्याच नाहीत, टेक्केन ३ लागायचं. नंतर ते डिस्क वाचेनासं झालं आणि माळ्यावर गेलं. यंदा दादा भाऊबीजेला येतोय, मुलांना घेऊन. त्यांना त्यांच्या बाबांचा खेळ दाखवायचा म्हणून भाच्याने आमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून त्यात जुन्या यंत्रांचे खेळ चालवणारं रेट्रोआर्क बसवून दिलं आणि तो होस्टेलला निघून गेला. मारिओ, काँट्रा लगेच चालले. टेक्केनच्या डिस्कची प्रत काढून लावली, तर 'एससीपीएच५५०१ डॉट बिन' ही सिस्टिम फाईल सापडत नाही असं येतं आणि पडदा काळा. नेटवरून 'बायोस पॅक' उतरवून गेमच्या फोल्डरात टाकला, फरक शून्य. मग यांच्या विंडोजच्या लॅपटॉपवर एक 'बायोस फिक्सर' घेतला. त्याने अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं, तिथे मी थांबले. त्याच लॅपटॉपवर प्लेस्टेशनची नक्कल करणारा दुसरा एम्युलेटर टाकून पाहिला, तर तो 'व्हीसीरनटाइम१४०_१ डॉट डीएलएल' नाही म्हणतो. नेमकं बिघडलंय काय? आणि ही फाईल वापरणं बेकायदेशीर असतं का?

— एक वाचक, मिरज

नमस्कार,

अँटिव्हायरस बंद करा म्हटल्यावर तुम्ही थांबलात, हे फार बरं केलंत. तुमचे दोन्ही लॅपटॉप ठणठणीत आहेत आणि भाच्याचंही काही चुकलेलं नाही. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. दोन्हींत 'फाईल नाही' हे शब्द आले म्हणून त्या बहिणी वाटतात, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. विंडोजची तक्रार पाच मिनिटांची आहे, ती नंतर बघू. आधी टेक्केन.

मारिओ चालतो आणि टेक्केन का अडतं, हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळेल. मारिओचं ते यंत्र आठवा, ज्याला आपण नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो. कॅसेट खाचेत दाबायची, नाही चाललं की काढून फुंकर मारायची. त्या कॅसेटमध्ये चिप असायची आणि बटण दाबलं की यंत्राचा प्रोसेसर पहिली आज्ञा थेट त्या चिपेतूनच उचलायचा. मध्ये कुणी नाही. म्हणून त्या यंत्राच्या एम्युलेटरला गेमची फाईल दिली की पुरते.

सीडीचं तसं नसतं. सीडी आपणहून प्रोसेसरशी बोलत नाही. ती फिरवायला, लेन्स योग्य जागी न्यायला, डिस्कवरची एक छोटी मजकूर-फाईल वाचून 'खेळ इथून सुरू होतो' हे शोधायला आधी कुणीतरी जागं असावं लागतं. प्लेस्टेशनमध्ये हे काम बोर्डावरच्या एका चिपेत कायमचं लिहून ठेवलेलं असतं, आणि तिची जागा ५१२ केबी. हाच बायोस. खेळ सुरू करून देऊन तो बाजूलाही होत नाही. खेळ चालू असताना मेमरी कार्डावर काही लिहायचं असलं, कंट्रोलरचं कुठलं बटण दाबलंय ते बघायचं असलं, की खेळ पुष्कळदा बायोसमधल्या तयार रूटीनना, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमना, हाक मारतो. आता ती हाक ऐकणारंच कुणी नसेल तर काळा पडदा येणारच.

हा बायोस तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे. प्लेस्टेशन सुरू केल्यावर पांढऱ्या पडद्यावर सोनीचं ते चौकोनी चिन्ह यायचं आणि छातीत घुमणारा आवाज यायचा, आठवतं? तो आवाज टेक्केनच्या डिस्कवर नव्हता, त्या चिपेत होता. डिस्क न घालता यंत्र सुरू केलं की मेमरी कार्ड आणि सीडी प्लेअर असे दोन पर्याय दिसायचे, तेही त्याच चिपेतलं. म्हणजे टेक्केनची डिस्क तुम्ही लॅपटॉपवर कितीही निगुतीने उतरवलीत तरी ही फाईल तिच्यात मिळणार नव्हती. ती तुमच्या माळ्यावर आहे.

मग एम्युलेटर करणाऱ्यांनी ती सोबत का दिली नाही? कारण ती सोनीची आहे. एम्युलेटर म्हणजे यंत्राची नक्कल, आणि ती कुणीही स्वतःच्या अकलेने लिहू शकतो. बायोसची प्रत मात्र दुसऱ्याचं लिखाण उचलणं झालं. हा भेद अमेरिकेत कोर्टात घासूनपुसून झालेला आहे. १९९९ मध्ये कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने मॅकवर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारं व्हर्च्युअल गेम स्टेशन आणलं. सोनीने दावा लावला. कनेक्टिक्सच्या इंजिनिअरांनी सोनीचा बायोस अभ्यासासाठी उतरवून घेतला होता, पण विकलेल्या मालात सोनीची एक ओळही नव्हती, बायोसचं काम करणारा कोड त्यांनी स्वतः लिहिला होता. २००० साली अपिलाच्या कोर्टाने हे चालतं असा कौल दिला. पुढच्याच वर्षी सोनीने ते उत्पादन विकत घेऊन बंद केलं, हा भाग वेगळा. तेव्हापासून एम्युलेटर लिहिणारे बहुतेक जण हीच रेघ पाळतात: नक्कल आमची, बायोस तुमचा तुम्ही आणा.

आता तुमचा संदेश नीट वाचू. लोक 'एरर आला' एवढंच सांगतात आणि पुढचं नाव गाळतात. तुम्ही नाव लिहिलंत म्हणून मला बसल्या जागी बरंच कळलं. एससीपीएच हा सोनीच्या मॉडेल क्रमांकाचा मुखडा आणि पुढचे आकडे प्रदेशाप्रमाणे बदलतात: ५५०० जपान, ५५०१ अमेरिका, ५५०२ युरोप. रेट्रोआर्कमध्ये प्रत्येक यंत्रासाठी वेगळा 'कोअर', म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा भाग, असतो. तुमच्या भाच्याने बहुतेक बीटल पीएसएक्स नावाचा कोअर घातलाय. तो डिस्क कुठल्या प्रदेशाची आहे ते पाहतो आणि त्याच प्रदेशाचा बायोस मागतो. म्हणून काही लोकांकडे एक खेळ चालतो आणि दुसरा अडतो, आणि ते खेळाची फाईल खराब आहे असं धरून चालतात. तुमच्याकडे ५५०१ मागितला, म्हणजे दादाचं टेक्केन अमेरिकन आवृत्तीचं. आखातातून आलेलं यंत्र मात्र बहुधा युरोपच्या जातीचं असतं, खाली स्टिकरवर ७५०२ सारखा २ ने संपणारा आकडा असेल. युरोपच्या यंत्रात अमेरिकेची डिस्क आपसूक चालत नाही. दोन-तीन वर्षं चालली, याचा अर्थ त्यात बहुधा दुसऱ्या प्रदेशाच्या डिस्क चालवू देणारी मॉडचिप बसवलेली होती. तुम्ही विचारलं नाहीत, मीही दादाला विचारत नाही.

तुमच्या बायोस पॅकने काम का केलं नाही, याचं उत्तर त्या फाईल चांगल्या होत्या की वाईट याआधीच मिळतं: जागा चुकली. रेट्रोआर्क बायोस गेमच्या फोल्डरात शोधत नाही. तो 'सिस्टिम' नावाच्या स्वतःच्या फोल्डरात शोधतो. तो फोल्डर कुठे आहे हे सेटिंग्ज, मग डिरेक्टरी, मग सिस्टिम/बायोस इथे लिहिलेलं असतं. ते डोळ्यांनी वाचा, अंदाज करू नका. लिनक्स मिंटवर इथे एक मजेशीर खड्डा आहे. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये रेट्रोआर्क दोन रूपांत मिळतं, एक साधं पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक, आणि दोघांचे सिस्टिम फोल्डर निराळे. साध्या पॅकेजचा होम फोल्डरातल्या डॉट कॉन्फिगमध्ये, रेट्रोआर्कच्या आत. फ्लॅटपॅकचा डॉट व्हार, मग ॲप, मग ऑर्ग डॉट लिब्रेट्रो डॉट रेट्रोआर्क, मग कॉन्फिग, मग रेट्रोआर्क असा पाच जिने उतरून. नावाआधी टिंब असलेले हे फोल्डर एरवी दिसतही नाहीत. फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, तेव्हा उगवतील. नेटवरच्या व्हिडिओत पहिला रस्ता दाखवतात, घरी दुसरं रेट्रोआर्क असतं, आणि माणूस रात्रभर बरोबर फाईल चुकीच्या घरात ठेवत बसतो.

फाईल मिळाली का, हे खेळ सुरू करून तपासू नका. आधी कोअर लोड करा, मग मुख्य मेनूत इन्फर्मेशन, त्यात कोअर इन्फर्मेशन. तिथे फर्मवेअरच्या खाली त्या कोअरला लागणाऱ्या फाईलींची यादी असते आणि प्रत्येकीपुढे ती हजर आहे की गैरहजर, सक्तीची आहे की ऐच्छिक, हे लिहिलेलं असतं. शाळेच्या हजेरीपुस्तकासारखं. 'मिसिंग, रिक्वायर्ड' दिसलं की समजायचं, अजून दारातच उभी आहे.

जागा बरोबर असूनही गैरहजरी लागत असेल तर नाव तपासा, आणि अक्षर-अक्षर तपासा. विंडोजला मोठी-लहान इंग्रजी अक्षरं सारखीच वाटतात, लिनक्सला नाही. बीटल पीएसएक्सला सगळं नाव लहान अक्षरांत हवं असतं. फाईलचं नाव मोठ्या कॅपिटल अक्षरांत असेल तर तुमच्या मिंटला ती दुसरीच कुणी वाटते. विंडोजवर चाललेली फाईल पेन ड्राइव्हने लिनक्सवर आणली आणि ती 'हरवली', अशी पत्रं मला येतात ती यामुळेच. दुसरी गंमत विंडोजची: तिथे फाईलीचं शेपूट, म्हणजे डॉट बिन वगैरे, मुळात लपवलेलं असतं. आपण हौसेने नाव बदलून शेवटी डॉट बिन लिहितो आणि प्रत्यक्षात ती डॉट बिन डॉट बिन होते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी स्वतःची एक अख्खी रविवार दुपार या दुसऱ्या डॉट बिनने खाल्लेली आहे, आणि जेवायला बोलावणाऱ्या आईवर मी उगाच खेकसले होते. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करून ठेवा, म्हणजे ही वेळ येत नाही.

नावानंतर वजन. प्लेस्टेशनचा बायोस बरोबर ५२४२८८ बाइट्सचा असतो, ना एक कमी ना एक जास्त. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. दोनशे केबीच्या आसपास दिसली तर ती अजून झिपमध्येच बांधलेली आहे. काही केबींचीच असेल तर ती फाईल नाहीच, उतरवताना आलेलं एखादं वेबपान आहे. आणि पाच-सहाशे एमबीची असेल तर तुम्ही खेळाचीच डॉट बिन बायोसच्या नावाने ठेवली आहे. हसू नका, दोघांचं शेपूट एकच असल्यामुळे हा घोळ पुष्कळांचा होतो. वजनही जुळलं तर शेवटची तपासणी एमडी५ या ठशाची. मिंटच्या टर्मिनलमध्ये एमडी५सम लिहून पुढे फाईलचं नाव द्यायचं, एक लांबलचक ओळ येते. ५५०१ ची ओळ ४९०एफ६६ अशी सुरू व्हायला हवी. बाकीच्यांचे ठसे रेट्रोआर्क बनवणाऱ्या लिब्रेट्रोच्या अधिकृत मदतपानांवर कोअरनिहाय दिलेले आहेत. ठसा जुळला नाही तर फाईल दुसऱ्या आवृत्तीची आहे किंवा तिच्यात कुणीतरी हात घातलाय.

पण हे सगळं फाईल हातात असलेल्यांसाठी. तुमचा प्रश्न आहे की ती आणायची कुठून, आणि कायदा काय म्हणतो. मी वकील नाही, पण ढोबळ चित्र असं: सोनीचा त्यावरचा हक्क अजून जिवंत आहे, यंत्र बाजारातून गेलं म्हणून तो गेलेला नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२, प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला ती खराब होण्याच्या भीतीपोटी बॅकअप घ्यायची सवलत देतं. नेटवरच्या पॅकमधली फाईल ही तुमच्या यंत्राची प्रत नव्हे, कुणा अनोळखी माणसाच्या यंत्राची आहे. म्हणून तुमचा तो पॅक मी वापरायला सांगणार नाही, आणि दुसरा कुठे मिळतो हेही नाही. पोलीस दारात येतील असं मुळीच नाही. पण तुमच्यासमोर दोन सरळ रस्ते असताना आडवाटेने जायचं कशाला?

पहिला रस्ता म्हणजे बायोसशिवाय. कनेक्टिक्सने केलं तेच इतरांनीही केलंय, बायोसची कामं नव्याने लिहिली आहेत, आणि ती फुकट आहेत. रेट्रोआर्कमध्ये पीसीएसएक्स रीआर्म्ड नावाचा दुसरा कोअर आहे. त्याला खरा बायोस मिळाला तर तो वापरतो, नाही मिळाला तर पोटातल्या नकली बायोसवर काम भागवतो. लोड कोअरमध्ये जाऊन डाउनलोड अ कोअर निवडा, यादीत सोनी प्लेस्टेशनच्या नावाखाली तो सापडेल. डाउनलोडचा पर्यायच दिसत नसेल तर तुमचं रेट्रोआर्क साध्या पॅकेजचं आहे, त्यात तो बहुधा झाकलेला असतो. अशा वेळी फ्लॅटपॅकवालं बसवणं सोपं. हा कोअर मुळात मोबाईलसारख्या किरकोळ प्रोसेसरांसाठी घडवलेला, त्यामुळे तुमच्या जुन्या लॅपटॉपलाही तो हलका जाईल. टेक्केन लावताना कोपऱ्यात 'बायोस फाईल नाही, घातलीत तर बरं होईल' अशा अर्थाची एक ओळ येईल. ती सूचना आहे, एरर नाही. सोडून द्या.

यात दोन उणिवा आहेत आणि त्या आधीच सांगते. नकली बायोसवर काही खेळ मध्येच अडकतात, काहींचं मेमरी कार्डावर सेव्ह होत नाही. म्हणून भाऊबीजेच्या सकाळी नव्हे, आठवडाभर आधी स्वतः दोन-चार लढती खेळून, सेव्ह करून, बंद करून, पुन्हा उघडून बघा. दुसरी उणीव अशी की तो पांढरा पडदा आणि तो आवाज येणार नाही. खेळ थेट सुरू होईल. मुलांना त्याचं काही वाटणार नाही, दादाच्या ते पहिल्या पाच सेकंदांत लक्षात येईल.

आवाज हवाच असेल तर दुसरा रस्ता: दादाच्याच यंत्रातून बायोस काढायचा. डिस्क वाचत नाही म्हणजे लेन्स थकली आहे. चिपेला काही झालेलं नसतं. हौशी लोकांनी यासाठी फ्रीपीएसएक्सबूट नावाची युक्ती शोधली आहे. विशिष्ट मजकूर लिहिलेलं मेमरी कार्ड लावून बायोसचा मेमरी कार्डाचा पडदा उघडायचा, की तो पडदाच फसतो आणि आपला प्रोग्रॅम चालवू देतो. डिस्कची गरज नाही. बहुतेक मॉडेलांवर हे जमतं. मग यंत्राच्या मागच्या सीरियल पोर्टातून, ३.३ व्होल्टची यूएसबी सीरियल केबल जोडून, त्या ५२४२८८ बाइट्स संगणकावर ओढून घ्यायच्या. ऐकायला छान आहे, पण कार्डावर तो मजकूर लिहायलाच एक वेगळं उपकरण लागतं, आणि सीरियलची केबल बाजारात तयार मिळेलच असं नाही, बहुधा जोडावी लागते. ज्यांच्या हातात सोल्डरिंग आयर्न शोभतं त्यांनीच यात पडावं. भाचा त्यातला असेल तर दिवाळीच्या सुट्टीत त्याला कामाला लावा. नसेल तर पहिला रस्ता उत्तम. एक लक्षात ठेवा, तुमच्या यंत्रातून निघणारा बायोस युरोपचा असेल आणि बीटल पीएसएक्स अमेरिकन टेक्केनसाठी ५५०१ च मागत राहील. तेव्हा तो बायोस रीआर्म्डला द्या, किंवा डकस्टेशन नावाचा स्वतंत्र एम्युलेटर घ्या. डकस्टेशनला बायोसशिवाय चालत नाही, पण तो फाईलच्या नावावर न जाता आतला मजकूर पाहून ओळख पटवतो.

आता विंडोज. तो फिक्सर तुम्ही चालवला नसेल तर फक्त काढून टाका आणि रिसायकल बिनही रिकामी करा. घरात कुणी अँटिव्हायरस बंद करून तो एकदा तरी चालवला असेल, तर मात्र विंडोज सिक्युरिटीतलं ऑफलाइन स्कॅन करा आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, बँकेचा आणि ईमेलचा आधी. बायोस कधीही डॉट ईएक्सई नसतो. तो पाच-सहा सेकंदांत उतरणारा, स्वतः न चालणारा, एम्युलेटरने नुसता वाचायचा मजकूर आहे. त्याला 'दुरुस्त' करणारा इन्स्टॉलर लागत नाही, लागला असं कुणी म्हणत असेल तर त्याला तुमच्या टेक्केनमध्ये रस नाही.

आणि ती डीएलएल. तिचा प्लेस्टेशनशी संबंध नाही. एम्युलेटर ज्या भाषेत लिहिलाय तिच्या सामायिक सामानाची ती एक फाईल आहे आणि ती मायक्रोसॉफ्ट फुकट देते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलचं नवं पॅकेज उतरवा, ६४ बिटचं आणि ३२ बिटचं दोन्ही बसवा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. झालं. जुना एखादा एम्युलेटर 'डी३डीएक्स९_४३' किंवा 'एक्सइनपुट१_३' मागेल, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच डायरेक्टएक्स एंड-युझर रनटाइम्स हे जून २०१० चं पॅकेज आहे. सुट्या डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून एक-एक फाईल आणून सिस्टिम३२ मध्ये टाकायची नाही. एक टाकलीत की दुसरी मागतो, दुसरी टाकलीत की तिसरी, आणि त्यातली कुठली खरी होती हे कुणालाच सांगता येत नाही.

दादाची मुलं आल्यावर आणखी काय काय मागतील सांगता येत नाही, म्हणून थोडं इतर यंत्रांचंही. सुपर निन्टेंडो, मेगा ड्राइव्ह, निन्टेंडो ६४ या कॅसेटवाल्यांना काही लागत नाही. गेम बॉय ॲडव्हान्सला १६ केबीचा बायोस असतो, पण एमजीबीएसारखा कोअर त्याच्याशिवाय मजेत चालतो. पीएसपीच्या पीपीएसएसपीपीला काहीच नको. प्लेस्टेशन २ च्या पीसीएसएक्स२ ला मात्र ४ एमबीचा बायोस हवाच, तिथे पळवाट नाही. सेगा सीडीच्या फाईलीचं नाव लिनक्सवाल्यांना रडवतं, कारण त्यात 'बायोस' लहान अक्षरांत आणि 'सीडी' मोठ्या, मग प्रदेशाचं अक्षरही मोठं. ड्रीमकास्टच्या फाईली सिस्टिममध्ये थेट नाही, त्यातल्या 'डीसी' फोल्डरात जातात. निओ जिओची झिप उघडायचीच नाही, खेळांशेजारी तशीच झिप ठेवायची. बाकी सगळीकडे झिप उघडा म्हणून सांगायचं आणि इथे उघडू नका म्हणायचं, पण ते तसंच आहे. प्लेस्टेशन ३ च्या आरपीसीएस३ ला लागणारं फर्मवेअर मात्र सोनीच्या स्वतःच्या साइटवर सगळ्यांना खुलं आहे, कारण तीच फाईल खऱ्या यंत्राच्या अपडेटचीही असते.

राहता राहिलं माळ्यावरचं यंत्र. ते खाली उतरवाच. त्याला वेगळा ॲडॉप्टर नाही, जुन्या टू-इन-वन टेपला लागायची तसली आठाच्या आकाराची वायर थेट बसते, आणि युरोपचं असेल तर आपल्याच २३० व्होल्टवर चालतं. स्टिकरवरचा आकडा आधी पाहून घ्या. जपान-अमेरिकेचं निघालं तर सरळ प्लगात घालू नका. टीव्हीकडे जाणारी लाल-पांढरी-पिवळी केबल मात्र सोनीच्या खास टोकाची असते, ती शोधून ठेवा. नव्या टीव्हीला पिवळं भोक नसेल तर मिरजेत कुणाकडे तरी जुना डबा टीव्ही असेलच. मग डिस्क न घालता, पण दादाचं मेमरी कार्ड लावून सुरू करा. लेन्स गेली असली तरी तो पांढरा पडदा येईल, आवाज येईल. मेमरी कार्डाचा पर्याय उघडलात की पंधरा चौकोन दिसतील आणि त्यातल्या भरलेल्यांत छोटी हलती चित्रं. टेक्केनचा चौकोन त्यात असेल तर काही पुसू नका, दादाला स्वतःला उघडू द्या.